निर्वात कॉफीपात्र, विद्युत्

वाफेचा दाब व त्यानंतरचे आंशिक निर्वात यांच्या साहाय्याने कॉफी तयार करून गाळणारे, विजेवर चालणारे दुकप्पी घरगुती पात्र.

निर्वात पात्रे १८३० च्या दशकात जर्मनीत प्रचारात आली. १८४० नंतर फ्रान्समध्ये ल्यों येथील मादाम व्हास्यू यांचे एकावर एक दोन काचगोलांचे पात्र गाजले. अमेरिकेत सायलेक्स कंपनीने उष्णतारोधी काच वापरली. १९३० च्या दशकाअखेर आलेले सनबीम ‘कॉफीमास्टर’ हे क्रोमचा मुलामा दिलेले स्वयंचलित विद्युत् पात्र विशेष प्रसिद्ध आहे.

खालच्या कप्प्यात पाणी, तर वरच्यात गाळणीवर मध्यम जाडसर कॉफीपूड घालतात (→ कॉफी). प्रमाण लिटरला साधारण ६० ग्रॅम. पाणी तापताच कोंडलेली वाफ व हवा त्याला नळीतून वर ढकलते (→ बाष्पदाब). खालचा कप्पा रिकामा झाला की त्याच्या तळाचे तापमान झपाट्याने वाढते आणि तापनियंत्रक वीजप्रवाह तोडतो (→ तापस्थापक). वाफ निवून तिचे पाणी होते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा कॉफीला गाळणीतून खाली लोटते. शेवटी हवा शिरून बुडबुडे येतात व चोथा जवळजवळ कोरडा उरतो. सगळी भिस्त दोन कप्प्यांमधल्या रबरी कड्यावर असते. ते कडक झाले किंवा चिरले, तर पाणी वर चढत नाही. पूड फार बारीक असल्यास उतरणे रखडते.

पाणी पुडीत खळखळते, तरी ते उत्कलनबिंदूच्या खालीच राहते. तयार कॉफी पुन्हा पुडीतून फिरत नाही (तुलना : पर्कोलेटर). १९७२ मध्ये ‘मिस्टर कॉफी’ हे ठिबक यंत्र येण्यापूर्वीच अमेरिकी घरांतून निर्वात पात्रे मागे पडू लागली होती. जपानी कॉफीगृहांत बिगरविद्युत् काचपात्रे अद्याप वापरात आहेत.