काकांचा इटालियन कोळी

पालघरला आमच्या काकांच्या बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. इतरांच्या कपाटात पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्या आणि पोरांना शाळेत मिळालेली बक्षिसं असतात. काकांच्या कपाटात इटली आहे. पंखा घेतलेली बाई, मेंढरू धरलेला पोरगा, बाकावर झोपलेला म्हातारा आणि मधोमध खांद्यावर जाळं टाकलेला कोळी. हा कोळी नेपल्सचा, हे काका प्रत्येक पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगत. सातपाटीच्या मासळीवालीनं मात्र त्याच्याकडे एकदाच पाहून निकाल दिला होता, "हा कधी दर्यात गेलेला नाय. पाय बघा त्याचे!"

काकांनी तीस वर्षं पालघरहून मुंबईला गाडीनं नोकरी केली. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, म्हणून चोरबाजार. रविवारी बोईसर. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली. ती उभारायला अमेरिकन इंजिनियर आले, मागाहून औद्योगिक वसाहत आली आणि वसाहतीबरोबर बदल्या आल्या. बदली झाली की घरातली पहिली विकायला निघते ती शोभेची वस्तू. बोईसरच्या जुन्या सामानवाल्यानं हा कोळी 'अमेरिकन मडमेच्या घरचा' म्हणून दिला. तळाशी निळा 'एन' आणि त्यावर मुकुट. त्या दिवसापासून काकांचं एकच म्हणणं, "अडीनडीला हा कोळीच आपल्याला तारील."

अडीनड आली ती काकूच्या गुडघ्यांच्या रूपानं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा आकडा सांगितला, तेव्हा काकांनी कोळ्याला टॉवेलात गुंडाळलं, चकलीच्या डब्यात ठेवलं आणि मुंबईतल्या एका जाणकाराकडे नेण्यासाठी माझ्या हवाली केलं. काकूनं फक्त एवढंच विचारलं, "माझा डबा परत येईल ना?"

माल नेतोय तर माहिती असावी म्हणून मी थोडं वाचलं. आपण 'चिनी माती' हे नाव प्रामाणिकपणे ठेवलं. जिथली चीज, तिथलं नाव. युरोपचा 'पोर्सेलिन' हा शब्द मात्र कवडीवरून आला. इटालियन लोक कवडीला पोर्चेलाना म्हणत. चिनी भांडी तशीच तुळतुळीत, म्हणून मार्को पोलोनं दोघांनाही एकच शब्द वापरला. पुढं चारशे वर्षं युरोप ही कवडी करायला धडपडत होता. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं १५७५च्या सुमारास खटपट केली, पण ती फार टिकली नाही. अखेर जमलं ते जर्मनीत. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानं ब्योटगर नावाच्या किमयागाराला सोनं करून दे म्हणून डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, चिनी माती झाली, आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. या राजानं १७१७ साली प्रशियाच्या राजाला सहाशे शिपाई देऊन दीडशे चिनी भांडी घेतली. बोहारणीशी एका जरीच्या साडीवर तासभर हुज्जत घालणाऱ्या आमच्या काकूला तिथं पाठवायला हवं होतं. शंभर शिपाई तरी तिनं परत आणले असते.

या ऑगस्टसची नात मारिया अमालिया १७३८ साली नेपल्सच्या चार्ल्स राजाला दिली. माहेरच्या बश्यांचं कौतुक ऐकून कुठला नवरा पेटत नाही? १७४३ साली कापोदिमोंते टेकडीवर राजवाड्याशेजारी भट्टी लागली. इकडे चिमाजी अप्पांनी तारापूर आणि वसई घेतल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ज्युसेप्पे ग्रिच्ची नावाचा मूर्तिकार तिथं फेरीवाले, नाटकातले विदूषक आणि कोळी घडवू लागला. जर्मन बाहुल्यांसारखी पांढरी कडक माती नेपल्सला मिळेना, म्हणून या मूर्ती सायीच्या रंगाच्या झाल्या. जाणकारांचा जीव त्या सायीतच अडकला आहे. राणीसाठी तर एक अख्खी खोली चिनी मातीची केली, भिंतींवर तीन हजारांहून जास्त तुकडे बसवून.

मग १७५९ साली चार्ल्सला स्पेनची गादी मिळाली. माणूस बदलीवर जाताना सामान नेतो. यानं कारागीर नेले, टनावारी माती नेली आणि मागची भट्टी पाडून टाकली. म्हणजे अस्सल कापोदिमोंते सोळाच वर्षांचं. त्याची खूणही मुकुट नव्हे, लिलीचं फूल. 'एन'वरचा मुकुट आला तो चार्ल्सच्या मुलानं, फर्डिनांडनं, १७७१ साली नवा कारखाना काढल्यावर. तोही बंद पडला. पुढं एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्सजवळच्या दोच्चियापासून जर्मनीपर्यंत ज्याला वाटेल तो आपल्या मालावर तो मुकुट उठवू लागला. चीनची नक्कल माइसेननं केली, माइसेनची नेपल्सनं, नेपल्सची सगळ्यांनी.

सफाळ्याच्या पुढं माझं वाचन इथवर आलं, आणि मांडीवरचा डबा एकदम हलका वाटू लागला.

जाणकार गृहस्थ भले होते. त्यांनी कोळी उलटा केला, मुकुट पाहिला आणि कोळी सुलटा केला. एवढंच. "गेल्या शंभर वर्षांतला आहे. शोभेला छान आहे," असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. ज्या माणसाला पैसे मिळणार नसतात, त्याला चहा नेहमी चांगला मिळतो.

परतीच्या गाडीत मी दोनतीन खोटी वाक्यं तयार केली होती. पण काका स्टेशनवरच उभे होते. माझ्या हातातला डबा त्यांनी पाहिला आणि काही विचारलंच नाही. घरी येऊन त्यांनी कोळी जागेवर ठेवला. मग म्हणाले, "सगळं सांग." मी राजा, राणी, कवडी, मुकुट, सगळं सांगितलं. काका एकेक बाहुली उलटी करून पाहू लागले. चारही मुकुटवाल्या निघाल्या. तीस वर्षांचे शनिवार-रविवार त्यांनी एका ओळीत मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

काकू आतून आली, डबा उचलला आणि म्हणाली, "गुडघ्याचं मी बघते. भिशीचे आहेत, बांगड्या आहेत. तुम्ही ती बाई आधी आत ठेवा, पंखा मोडेल."

काकांनी बाईला आत ठेवलं. कपाटाला कुलूप लावता लावता मला हळूच म्हणाले, "अरे, बोईसरला कॉलनीतल्या एकांची बदली झाली आहे म्हणे. रविवारी येतोस? या खेपेला बिनमुकुटाचं बघू."