घरच्या आठवड्याचें कोष्टक

आठवड्याच्या कामांचें कोष्टक घरीं आखावें, आईबापांनीं व मुलांनीं मिळून तें भरावें आणि भिंतीवर डकवावें, ही पद्धति शाळेच्या वेळापत्रकावरून आली असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. महाराष्ट्रांतील घरांत भिंतीवरचा आठवडा माजघरांतूनही आलेला आहे, आणि त्याचें नांव जिवती.

आषाढ संपतांना जिवतीचा कागद भिंतीवर लावतात. छापील कागद मिळत नसत तेव्हां हें चित्र गंधानें भिंतीवरच काढीत. त्यांत नृसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, मुलें खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका असतात आणि हत्तीवाघांवर बसलेले बुध-बृहस्पति असतात. यांतील कृष्ण नागपंचमीचा, म्हणजे तिथीचा. बाकीचे सारे वाराचे : शुक्रवार जिवतीचा, शनिवार नृसिंहाचा, बुधवार-गुरुवार त्या जोडीचा. श्रावणांत कोणत्या वारीं कोणाचें पूजन, पुरण केव्हां शिजवावयाचें, मुलांना केव्हां ओवाळावयाचें, हें अक्षरओळख नसलेल्या बाईसही चित्रावर बोट ठेवून सांगतां येई. हें कोष्टक नव्हे तर काय?

पाठशाळेंतील मुलाला मात्र वाराशीं फारसें कर्तव्य नसे. त्याचा अनध्याय प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींवर पडे. रविवारची सुटी इंग्रजी अंमलांतील शाळा-कचेऱ्यांनीं आणली, आणि तीही सर्वांना लाभली नाहीं. मुंबईच्या गिरणी कामगारांस ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडले, तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं ती त्यांच्या पदरांत पडली.

गंगापूर तालुक्याची गोष्ट आणखी निराळी. गोदावरीच्या उत्तर तीरावरचें कायगांव निजामाच्या मुलुखांत. समोरच्या तीरावर प्रवरासंगम, नेवासे तालुका, इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा. नदी ओलांडली कीं आठवड्याची सुटी बदले. अलीकडे सरकारी शाळा व कचेऱ्या शुक्रवारीं बंद, पलीकडे रविवारीं. सरकारी कागदांवर आजूर, दै, बहमन असे फसली महिने. देवघरांत शके व तिथि. आठवडेबाजाराची गणना तिसरीच. अशा मुलुखांतील घरानें सात रकान्यांचा कागद आखावयाचा म्हटला तर सुटीचा रकाना कोणता, येथपासूनच प्रश्न उभा राही. ज्यांची सोयरीक नदीपलीकडे होती त्यांना लेकीला माहेरीं आणावयाचें तर दोन्ही तीरांचे वार ताडून पाहावे लागत. मुंबई-पुण्यास छापलेली दिनदर्शिका येथें पुरी पडणें कठीण. कोष्टक घरींच जुळवावें लागे.

या अडचणींत आयांची एक सोय मात्र आपोआप झाली होती, आणि ती कोणी योजून केलेली नव्हती. दरबारानें जुम्म्याची म्हणून दिलेली सुटी हाच जिवतीचा वार. श्रावणी शुक्रवारीं मुलें ऐन दुपारीं घरीं असत, आणि पुरणाची आरती तयार होतांच पाटावर येऊन बसत.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजांनीं कारवाई केली व निजामानें शरणागति पत्करली. पुढें दोन्ही तीरांवर रविवार हाच सुटीचा वार ठरला आणि फसली महिने दप्तरांतून गेले. हिशेब सोपा झाला यांत शंका नाहीं. १९७३ मध्यें निघालेल्या 'कालनिर्णया'नें तर तिथि, वार, तारीख एका चौकटींत आणून बसविलीं, आणि त्याच चौकटींत घरोघर दुधाचा खाडा लिहिला जाऊं लागला.

तरी घरीं कागद आखण्याचें कांहीं संपलें नाहीं. त्यावर मुलांची शाळा, शिकवणी, खेळ यांचे रकाने होतात. वडिलांचा एक होतो. आईचा रकाना बहुधा नसतोच, कारण तिचें काम इतर सर्व रकान्यांत सांडलेलें असतें. शुक्रवार असो वा रविवार, सुटीचा वार बदलला म्हणून तिची चूल एक दिवसही थंडावली नाहीं. जिवतीच्या कोष्टकांत तरी आठवडा सगळा तिचा होता.

आतां श्रावणी शुक्रवार शाळेचा वार आहे. ओवाळणें सायंकाळपर्यंत थांबतें. आणि मूल परगांवीं शिकत असेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, आणि निरांजन जिवतीपुढें ठेवते.