मानमोडीचे वारस

प्रतापगड आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. 1918 साली झाडीपट्टीतला हा मुलूख मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी लाईन मात्र तेव्हा अर्जुनीवरून धावू लागली होती. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत तापाचे रुग्ण दिसू लागले. पहिली लाट हलकी गेली. सप्टेंबरात उठलेली दुसरी रेल्वेच्या वाटेनं देशभर पसरली. ही फ्लूची साथ होती, लोक तिला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत-वऱ्हाड सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक, त्यात त्या वर्षी पावसानंही दगा दिलेला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असं जनगणनेत 1911 ते 1921 हे एकच दशक आहे.

हा रोग कशाचा, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. रिचर्ड शोप यांनी अमेरिकेतल्या डुकरांमध्ये फ्लूचा विषाणू शोधला आणि 1933 मध्ये इंग्लंडमध्ये माणसाच्या घशातला विषाणू फेरेट या प्राण्यात वाढवून दाखवला गेला. मग त्याची कुंडली हळूहळू उलगडली. या विषाणूचा वारसा आठ तुकड्यांत असतो. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, की या तुकड्यांची नव्यानं वाटणी होते, शेतीच्या वाटणीसारखी, फक्त इथे परकाही हिस्सा घेऊन जातो. 1957 च्या साथीत पाच तुकडे 1918 च्या घराण्याचेच होते, तीन पक्ष्यांकडून आलेले. 1968 मध्ये आणखी दोन बदलले, पण जुने पाच टिकले. 2009 मध्ये पुण्यात ज्यानं धास्ती भरवली, त्या स्वाइन फ्लूतले तीन तुकडे 1918 पासून डुकरांत राहिलेल्या शाखेतून आले होते. म्हणजे मानमोडी गेली, हे म्हणणं अर्धंच खरं.

तिची शिरण्याची रीतही तीच राहिली. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर साखरेचे कण असतात, त्यांना धरून विषाणू आत घुसतो. कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात, अस्तर उघडं पडतं आणि एरवी घशात निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. 1918 च्या बहुतेक मृत्यूंमागे हाच न्यूमोनिया होता. मेले ते मात्र म्हातारे-कोतारेच नव्हेत, विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसंही. भारतात त्या वयातल्या बायका तर पुरुषांहून अधिक.

फ्लूला आपण सहज ‘सर्दी-खोकला’ म्हणून सोडून देतो, ही मला आपली सर्वांत घातक सवय वाटते. विषाणू सहसा रक्तात उतरत नाही, पण त्याच्याविरुद्ध शरीर जी रसायनं सोडतं ती सगळीकडे फिरतात. अंग ठणकतं ते त्यांच्यामुळे. कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. छातीला त्रास होणारा रुग्ण हृदयाच्या डॉक्टरकडे जातो, आणि आठवड्यापूर्वीचा ताप कोणाच्या कागदावर येतच नाही.

कोविड वेगळ्या कुळातला, त्यानं हेच उघडं केलं. रक्तात गुठळ्या, मूत्रपिंडाची इजा, गेलेला वास: फुप्फुस हे फक्त प्रवेशद्वार ठरलं. नागपुरात 1965 मध्ये सापडलेला चांदिपुरा विषाणू तर श्वासाच्या वाटेनं येतच नाही. वाळूमाशी चावते आणि लेकराच्या मेंदूला सूज येते.

प्रतापगडला महाशिवरात्रीला यात्रा भरते, तिथल्या दर्ग्यावरही लोक येतात. गर्दी श्वास वाटून घेते, आणि फ्लूच्या घराण्याला एवढंच लागतं. ते न मिळाल्यावर काय होतं, हे कोविडच्या टाळेबंदीत दिसलं. फ्लूच्या बी प्रकारातली यामागाता नावाची शाखा मार्च 2020 नंतर जगात कुठेही खात्रीनं सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये तिला लशीतून वगळायला सांगितलं.