धमनीच्या भिंतीतला धोका टिपणारा सीटी स्कॅन

हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाचे नातेवाईक अनेकदा एकच प्रश्न विचारतात : ‘काही महिन्यांपूर्वीच ट्रेडमिल चाचणी केली होती, ती तर नॉर्मल होती, मग असे कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा धमनीच्या पोकळीत नसून तिच्या भिंतीत दडलेले असते.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल, दाहक पेशी, तंतुमय पदार्थ आणि कालांतराने कॅल्शियम साचत जाते. या थराला ‘प्लाक’ म्हणतात. सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूस फुगून त्याला जागा करून देते, त्यामुळे रक्तमार्ग बराच काळ मोकळा राहतो. ट्रेडमिल चाचणी रक्तपुरवठा अपुरा पडतो का, हे पाहते. नेहमीची अँजिओग्राफी पोकळीचे चित्र दाखवते. भिंतीतील प्लाक दोन्हींतून निसटू शकतो. मात्र त्याचे पातळ आवरण फाटल्यास तेथे गुठळी तयार होऊन धमनी अचानक बंद पडू शकते. ही भिंत पाहता येणे, हेच हृदयाच्या सीटी स्कॅनचे महत्त्व.

कॅल्शियम स्कोअर

या तपासणीत इंजेक्शन द्यावे लागत नाही आणि ती काही मिनिटांत आटोपते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीने धमन्यांतील कॅल्शियमचे गुणांकन केले जाते. शून्य गुण म्हणजे कॅल्शियम आढळले नाही. १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम आणि ४०० किंवा अधिक म्हणजे मोठ्या प्रमाणात साठा. लक्षणे नसलेल्या, परंतु कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी सुरू करावी की नाही, अशा सीमारेषेवरील व्यक्तींना या गुणांकनाचा विशेष उपयोग होतो.

सीटी अँजिओग्राफी

छातीत दुखण्याची तक्रार असल्यास ही तपासणी अधिक उपयुक्त ठरते. नाडीचे ठोके मिनिटाला साधारण साठपर्यंत आणण्यासाठी गरजेनुसार औषध देतात, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात आणि हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडतात. रुग्णाने काही सेकंद श्वास रोखायचा असतो. यात कॅल्शियम नसलेला मऊ प्लाकही दिसतो. कमी घनतेचा, बाहेर फुगलेला किंवा कॅल्शियमचे बारीक ठिपके असलेला प्लाक अधिक धोक्याचा मानला जातो.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासण्यांना या स्कॅनची जोड दिलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होते. पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत अँजिओप्लास्टी व बायपासचे प्रमाण जवळपास सारखेच होते. मात्र स्कॅन झालेल्या गटात प्रतिबंधक औषधे अधिक रुग्णांना सुरू झाली होती. म्हणजेच यंत्राने नव्हे, तर निदानानंतरच्या उपचारांनी फरक पडला, असे मानण्यास जागा आहे.

मर्यादा ओळखा

शून्य गुण म्हणजे अभयपत्र नव्हे. तरुण वयात मऊ प्लाक असूनही कॅल्शियम नसू शकते. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका तुलनेने कमी वयात येतो, हे २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसले होते. त्यामुळे मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात लवकर हृदयविकार असल्यास केवळ शून्यावर विसंबू नये. उलट, स्टॅटिन घेताना प्लाक घट्ट होऊन गुण वाढू शकतात. तेवढ्याने घाबरून औषध बंद करू नये. कॅल्शियमचा मोठा साठा असल्यास सीटी अँजिओग्राफीत अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त भासतो.

स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा वापर होत असल्याने तो दरवर्षी हौसेने करण्याजोगा नाही. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनयुक्त द्रव्याची अ‍ॅलर्जी किंवा गर्भधारणा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि छातीत अचानक तीव्र वेदना, घाम, धाप अशी लक्षणे दिसल्यास स्कॅनची वेळ ठरवत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे प्रथम ईसीजी व रक्ततपासणीच महत्त्वाची असते.

स्कॅन धोका दाखवतो, तो दूर करीत नाही. तंबाखू सोडणे, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि नियमित चालणे, हे काम रुग्णालाच करावे लागते.