वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आणि देशाची तिजोरी

आपले कर्जत-खालापूर ज्या जिल्ह्यात मोडते त्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. त्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६ रोजी कै. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर, हे शाळकरी मुलीही सांगतील. परंतु पैशाचा व्यवहार हा त्यांच्या शिक्षणाचा विषयच नव्हता, हे सहसा कोणी सांगत नाही.

ओढा संस्कृतकडे. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला शिकले ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरीस लागले. तेथे जमाबंदी, महसूल व प्रांताचे अर्थखाते पाहिले. १९३९ साली सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यातील दुवा म्हणून त्यांना नेमले. तीन महिन्यांत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस झाले, १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये सर जेम्स टेलर वारले आणि ऑगस्टमध्ये त्यांची जागा चिंतामणरावांकडे आली.

मला वाटते, ही नेमणूक दिसते तितकी आकस्मिक नव्हती. जमाबंदीचा अधिकारी शेताचा कस पाहून सारा आकारतो. रुपया मुळात कोठे पिकतो ते त्याला ठाऊक असते. मंडळाची हिशेबवही माझ्याकडे आली तेव्हा, ‘मराठी शिकविणाऱ्या बाईला जमाखर्च कसा जमणार?’ असे एकीने विचारलेच होते! तिला हे उदाहरण मी अजून ऐकवते.

१९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते. त्याच काळात रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीत आढळले की शेतकरी काढीत असलेल्या कर्जाच्या शंभर रुपयांपैकी जेमतेम ३ रुपये सहकारी संस्थांकडून येत, सुमारे ७० सावकारांकडून. भातलावणीच्या आधी पाटल्या गहाण पडलेल्या घरांना यात नवल काय वाटणार? त्या पाहणीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले.

१९५३ साली त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. स्त्रियांच्या व मुलांच्या कामासाठी झटणाऱ्या संस्थांना या मंडळाने अनुदाने दिली. हा भाग आपल्या मुलींना मुद्दाम सांगावा.

पुढे मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले, तेव्हा जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले आणि विद्यापीठ अनुदान मंडळाचे काम हाती घेतले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी पद्यानुवादही प्रसिद्ध आहे.