गर्भाशय काढल्यानंतर : टाके सुकले तरी विश्रांती हवीच

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी उत्तर कर्नाटकातील अनेक स्त्रिया हुबळीत येतात. १९५७ साली स्थापन झालेले व ‘किम्स’ या नावाने परिचित असलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. खरी काळजी मात्र गावी परतल्यावर घ्यावी लागते.

बाहेरील टाके लवकर सुकतात. परंतु पोटावर छेद घेतला असल्यास पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. योनिमार्गे किंवा दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत हा काळ कमी असतो. तोवर भरलेली घागर उचलणे व शरीरसंबंध वर्ज्य मानावेत. थोडे चालणे मात्र आवश्यक. त्यामुळे पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका घटतो.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढता रक्तस्राव, पोटरीला सूज, धाप लागणे, लघवी अडणे ही लक्षणे दिसताच जवळचे रुग्णालय गाठावे. नकळत लघवी गळणे ही मूत्राशयाला अथवा मूत्रवाहिनीला इजा झाल्याची खूण असू शकते.

दोन्ही बीजांडकोश काढले असल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते व पुढे हाडे ठिसूळ होण्याचा संभव वाढतो. म्हणून नेमके कोणते अवयव काढले, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.