जादूगाराची उधारी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी योद्धा झालो आणि माझी मैत्रीण जादूगार. सुरुवातीला मीच तिला वाचवायचो. काही महिन्यांनी ती आगीचा एक गोळा टाकून खोलीभर शत्रू संपवायला लागली आणि मी तलवार धरून नुसता बसून राहायचो. शेवटी मी जाणंच सोडलं. चूक तिची नव्हती. मग कोणाची? उत्तर शोधत मी जुन्या नियमांपर्यंत पोचलो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. त्यात जादूगार आधी किंमत मोजायचा आणि ताकद मागाहून मिळवायचा. चिलखत नाही, हातात फक्त खंजीर, पहिल्या पातळीवर दिवसाला एकच मंत्र. तो म्हटला की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधली. दुसऱ्या पातळीसाठी योद्ध्याला २००० गुण लागत, जादूगाराला २५००. १९७८च्या नियमांत तर मंत्र म्हणताना वार बसला, की मंत्र वाया जायचा. म्हणून पुढे ढाल धरणारा कुणीतरी हवाच असायचा.

आम्ही खेळत होतो ती २०००ची तिसरी आवृत्ती. तिच्यात सगळ्यांना पातळी चढायला सारखेच गुण लागत. वार बसला तरी फासा टाकून मंत्र वाचवता येई. म्हणजे जादूगाराला किंमत कमी पडू लागली, ताकद मात्र तेवढीच राहिली. तो फरक माझ्यासारखे योद्धे भरत होते.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांच्या करामती एकाच साच्यात बसवल्या. तोल साधला, पण जादू जादूसारखी वाटत नाही अशी अनेकांची तक्रार होती.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीतला उपाय मला आवडतो. बरेचसे टिकणारे मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते आणि अशी एकाग्रता एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते. वार बसला तर तीही तुटू शकते. जादूगार आजही वरचढ ठरतोच, पण त्याला पुन्हा सोबत्याची गरज आहे.

परवा मैत्रिणीने पुन्हा खेळायला बोलावलं. ती जादूगार, मी योद्धा. तिने मंत्र धरला आणि म्हणाली, "माझ्यापुढे उभा राहा रे."

मी उभा राहिलो.